'वेअर'चा हट्ट

'इफ आय वॉज' लिहिणाऱ्याचा गुण कापण्याची प्रथा इंग्रजीच्या वर्गांत अजूनही आढळते. आम्हांला ती अन्यायाची वाटते. अवास्तव कल्पनेसाठीचे हे 'वेअर' साध्या भूतकाळाहून निराळे दिसते ते 'आय', 'ही', 'शी', 'इट' अशा एकवचनी कर्त्यांपुरतेच. 'इफ यू वेअर'मध्ये रूपाचा भेद उरत नाही, तरी वाचक गोंधळत नाही. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ च्या बृहद्‌व्याकरणाने तर या 'वेअर'ला 'सब्जंक्टिव्ह' म्हणायचेच नाकारले.

मराठी विद्यार्थ्याला यात नवे काही नाही. 'तो घरी असतो' आणि 'तो घरी असता तर' यांत क्रियापद बदलते. 'मी घरी असतो' आणि 'मी घरी असतो तर' यांत ते तेच राहते. तिथे संकेतार्थ कळतो तो 'तर'मुळे आणि संदर्भाने. 'मी पंतप्रधान झालो तर' या निबंधविषयात शक्यता शिल्लक असते (विषय काढणाऱ्यांचा आशावाद दांडगा!), 'असतो तर' म्हणताच ती संपते. इंग्रजीच्या शिक्षकांनी आरंभ इथून करावा. 'इफ ही वॉज' खऱ्याखुऱ्या भूतकाळाविषयीही असू शकते. म्हणून औपचारिक लेखनासाठी 'वेअर' जरूर शिकवावे. गुण मात्र कापू नये.