सस्पेन्स खात्यातला फरक

माझी भाची पुण्यात एका कंपनीत आहे. रुग्णाच्या शिरेतून थेंबाथेंबाने औषध सोडणाऱ्या पंपाचे प्रोग्रॅम ती लिहिते. परवा तिने लॅपटॉपवर पंपाचे काम चालवून दाखवले. ‘‘पण पंप कुठाय?’’ मी विचारले. ‘‘त्याचा बोर्डच अजून आला नाही, मामा. हे सगळं सिम्युलेटरमध्ये.’’

सिम्युलेटर म्हणजे चिपचे सोंग घेणारा प्रोग्रॅम. फाब्रीस बेलार याने २००३ मध्ये आणलेला ‘क्यूएमू’ त्यातला नामांकित. चिपच्या आज्ञा तो आपल्या संगणकाच्या भाषेत उतरवतो. वर चालणारी ‘फ्री-आरटीओएस’ किंवा ‘झेफिर’सारखी प्रणाली मात्र खऱ्या चिपवर असल्यासारखीच वागते. या प्रणाल्या वेळेला बांधलेल्या. उत्तर बरोबर असून चालत नाही, ते वेळेत यावे लागते. क्लिअरिंगमध्ये वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला हे सांगायला नको. न वटणारा चेक ठरल्या वेळेत परत गेला नाही, तर भुर्दंड बँकेलाच!

बोलता बोलता भाची म्हणाली, ‘‘मागच्या आठवड्यात एकदा पंप आपोआप रीसेट झाला. नंतर नाही झाला. रिपोर्टात लिहिलंय, पुन्हा आढळले नाही.’’

मला आमच्या शाखेत संगणक आला ते दिवस आठवले. काही महिने लेजर हातानेही लिहायचे आणि यंत्रातही भरायचे. रात्री दोन्हींचा ताळा. एकदा चाळीस पैशांचा फरक राहिला. घरी जायची घाई होती, मी तो सस्पेन्स खात्यात टाकला. त्या चाळीस पैशांमागे एकमेकींना झाकणाऱ्या दोन मोठ्या चुका होत्या. एक पेन्शनर बायकोच्या ऑपरेशनसाठी पैसे काढायला आले आणि काउंटरवरून रिकाम्या हाताने परतले, तेव्हा त्या उघडकीस आल्या.

हे थोरामोठ्यांनाही चुकलेले नाही. ४ जुलै १९९७ रोजी ‘पाथफाइंडर’ मंगळावर उतरले आणि काही दिवसांत त्याचा संगणक वरचेवर रीसेट होऊ लागला. हवामानाच्या नोंदींचे कमी महत्त्वाचे काम एक सामायिक कुलूप धरून बसे, मधल्या दर्जाची कामे त्याला पुढे सरकू देत नसत आणि अधिक महत्त्वाचे काम कुलपासाठी ताटकळे. पहाऱ्यावरची यंत्रणा मग सगळेच नव्याने सुरू करी. इंजिनिअरांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेत तोच दोष घडवून आणला आणि दुरुस्ती मंगळावर धाडली. पण असे रीसेट उतरण्यापूर्वीच्या चाचण्यांतही दिसले होते. पुन्हा घडवता आले नाहीत, म्हणून मागे राहिले.

सिम्युलेटरचे खरे मोल मला इथे दिसते. बोर्डाचा खर्च वाचतो, ही फार लहान गोष्ट. क्यूएमूमध्ये घडलेला क्रम नोंदवून जसाच्या तसा पुन्हा चालवता येतो, हवे तिथे थांबवून आत डोकावता येते. आमच्या लेजरला ही सोय नव्हती. सिम्युलेटरचे घड्याळ खऱ्या चिपशी क्षणाक्षणाने जुळत नाही, तेव्हा शेवटची परीक्षा खऱ्या बोर्डावरच व्हायला हवी, हे मान्य. पण हाताशी असलेली नोंद न उघडता ‘पुन्हा आढळले नाही’ असे लिहिणे म्हणजे फरक सस्पेन्सला टाकणेच. कारण सापडेपर्यंत पंप कंपनीबाहेर जाऊ नये, मग मुदत टळली तरी चालेल.

मी भाचीला पेन्शनरांची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. जेवण झाल्यावर तिने लॅपटॉप पुन्हा उघडला. आम्ही झोपलो तेव्हाही तिच्या खोलीत दिवा होता.