गळ टाकण्यापूर्वी

काश्मीरला जाताना काही हौशी लोक गळही बरोबर घेतात. डोंगरावरच्या सरोवरांत ट्राउट मासा पकडायचा, असा त्यांचा बेत असतो. बेत चांगला आहे. पण ते आधी तंबू आणि गरम कपडे यांचा विचार करतात. माझ्या मते आधी माशाचा विचार करावा.

गंगाबल सरोवरच पाहा. हरमुख पर्वताच्या पायथ्याशी, सुमारे ३,५०० मीटर उंचीवर ते आहे. नारानागपासून पायी चढत जावे लागते. हिवाळ्यात हे सरोवर गोठते. एवढ्या थंड पाण्यात मासा फार सावकाश वाढतो. आपण दहा मिनिटांत पकडलेला मासा मोठा व्हायला कित्येक वर्षे लागलेली असतात.

ट्राउट मूळचा इथला नाही. १९०० च्या सुमारास इंग्रजांनी त्याची अंडी विलायतेहून आणली. बाहेरचा मासा संपला तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. पण अशा सरोवरातले मासे एकदा संपले, की पुन्हा लवकर वाढत नाहीत. मग पुढच्या वर्षी येणाऱ्यांनी काय पकडावे?

मासेमारीसाठी सरकारी परवाना लागतो. किती मासे पकडावेत, यालाही मर्यादा असते. “इतक्या वर कोण बघायला येतो?” असे काही जण म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. रात्रीच्या जेवणापुरते दोन मासे पुरेत. लहान मासा लागला, तर हात ओले करून त्याला सोडावे. कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा चिकट थर निघून जातो. पीठ आणि डाळ मात्र बरोबर न्यावी, कारण मासा मिळेलच असे नाही!