इतिहास १७२८ पासून मोजू नका

माळव्यातील मराठी समाजाचा इतिहास सांगण्याची आपली एक पद्धत ठरून गेली आहे. व्याख्यान असो की स्मरणिका, सुरुवात अमझेऱ्याच्या लढाईने होते. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी आप्पांच्या फौजेने मोगल सुभेदार गिरधर बहादूरचा पराभव केला. पुढे होळकर, शिंदे, पवार स्थिरावले. अहिल्यादेवींचे पुण्यश्लोक राज्य झाले. आणि १९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. इथे वक्ता थांबतो, श्रोते उसासा टाकतात आणि चहा येतो.

या २२० वर्षांचा अभिमान आम्हालाही आहे. पण आपला सगळा इतिहास तेवढाच, असे मानणे आम्हाला आता घातक वाटते. जो समाज आपली गोष्ट फौजेच्या आगमनापासून सुरू करतो, तो स्वतःच्या तोंडाने स्वतःला ‘बाहेरून आलेला’ म्हणवून घेतो. शाळेत आपल्या नातवंडांना कुणी विचारते, “आप लोग महाराष्ट्र से कब आए?” सात-आठ पिढ्या इथल्या मातीत गेल्या, तरी त्या मुलाजवळ उत्तर असते ते स्वारीचे. आणि ज्या राज्याच्या बळावर ते उत्तर द्यायचे, ते राज्य तर केव्हाच संपले.

म्हणून आमचे म्हणणे असे, की या देशाच्या दीर्घ इतिहासात स्वतःला ठेवून पाहा. तो इतिहास आपल्या दारातच आहे.

भीमबेटकाचेच घ्या. विंध्याच्या कुशीतल्या त्या शैलाश्रयांत अश्मयुगातील माणसाची हत्यारे आहेत, भिंतींवर शिकारीची, नाचाची, घोडेस्वारांची चित्रे आहेत. २००३ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. पण १९५७ साली आगगाडीतून जाताना ते खडक पाहून तिकडे वळणारा माणूस कोण होता? नीमचला जन्मलेले, उज्जैनला कर्मभूमी मानणारे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर. उज्जैनजवळच्या कायथा येथील सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीही त्यांनीच उजेडात आणली. आपल्यातलाच एक माणूस माळव्याचे मूळ शोधून काढतो, आणि आपल्या स्मरणिकेत मात्र त्या मुळाला जागा नसते!

आता महेश्वर. तिथे कोण गेले नाही? घाट पाहतो, अहिल्यादेवींच्या वाड्यात हात जोडतो, साडी घेऊन परततो. नर्मदा ओलांडून समोरच्या नावडाटोलीला मात्र कुणी जात नाही. तिथे १९५० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे सापडली, रंगीत मडकी सापडली, गहू, मसूर, मूग, वाटाणा, जवस यांचे दाणे सापडले. या संस्कृतीला नावच ‘माळवा संस्कृती’ पडले.

खरी गंमत पुढे आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ पासून उत्खनन झाले, तेव्हा सर्वांत खालच्या, म्हणजे सर्वांत जुन्या थरात हीच माळवा संस्कृती निघाली. काळ इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराचा. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबादलाही तिचा थर आहे. दख्खनच्या पहिल्या शेतकरी गावांत माळव्याची मडकी होती. मल्हारराव उत्तरेला आले त्याच्या तीन हजार वर्षे आधी ही वाट रुळलेली होती, आणि वाहत होती ती उलट्या दिशेने.

ती वाट नंतरही बंद पडली नाही. उज्जयिनीच्या आणि पैठण-तेरच्या मालाला एकच बंदर होते, भडोच. नाशिकच्या लेण्यातील लेख गौतमीपुत्र सातकर्णीच्या राज्यात अवंतीची गणना करतो. सातवाहनांच्या नाण्यांवरच्या एका चिन्हाला अभ्यासक ‘उज्जैन चिन्ह’ म्हणतात. ज्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांकडून माळवा घेतला, त्याची लेक प्रभावतीगुप्ता वाकाटकांची सून झाली आणि विदर्भाचा कारभार तिने हाकला. पुढे धारचा भोज आणि कल्याणीचे चालुक्य लढले, मांडूला सुलतान आले, मोगल आले. आपण १७२८ ला आलो ते या लांब रांगेत. रांगेतले पहिले नव्हे आणि शेवटचेही नव्हे.

लांब इतिहास अंगावर घ्यायचा तर त्यातले सगळेच घ्यावे लागेल. अहिल्यादेवींचे २८ वर्षांचे राज्य आपले, तशी त्याआधीची चौथाईची वसुलीही आपली. आणि त्यांच्यानंतर शिंदे-होळकरांच्या भांडणांनी, पेंढाऱ्यांच्या धुमाकुळाने उजाड झालेली गावेही आपल्याच खात्यावर. त्या काळाला माळव्यातले लोक ‘गर्दी का वक्त’ म्हणत. शेजाऱ्याच्या आजीने सांगितलेली ती आठवण नाकारून आपली मान उंच होणार नाही.

हा प्रश्न केवळ अभिमानाचा नाही, हक्काचाही आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हाच घटनेत कलम ३५० (अ) आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. मराठी वर्गासाठी आपण निवेदने देतो, तेव्हा भाषा मात्र ‘आमच्या पूर्वजांनी हे शहर वसवले’ अशी वापरतो. अशा बोलण्यावर हार-तुरे मिळतात, शिक्षक मिळत नाही. मागणी या भूमीचे जुने रहिवासी आणि या देशाचे नागरिक म्हणून करा, कलमाचा आकडा घालून करा. माजी राज्यकर्ते म्हणून करू नका.

आमच्या सूचना मोठ्या खर्चाच्या नाहीत. पुढच्या स्मरणिकेत समाजाचा इतिहास भीमबेटकापासून लिहिला जावा आणि १९४८ ला न थांबता आजपर्यंत यावा. गिरणीत काम केलेले, शाळेत शिकवलेले, कचेरीत कारकुनी केलेले आपले आजोबाही त्यात असावेत. मुलांची सहल महेश्वरला जाईल तेव्हा नावेत बसून पलीकडे जावी. आणि माळ्यावरच्या पेटीतले मोडी कागद रद्दीत देण्याआधी वाचणाऱ्याला दाखवावेत. त्यात तहनामे नसतील; किराण्याचा हिशेब, लग्नाची याद, शेताचा वाद असेल. इनामगावचा इतिहास तरी चुली आणि धान्याच्या कोठारांवरूनच उभा राहिला ना?

चैत्र शुद्ध प्रतिपदेला आपण शालिवाहन शके बदलतो आणि शेजारी विक्रम संवत बदलतो. परंपरेने एक पैठणचे, एक उज्जैनचे. माळव्यातल्या मराठी घरात दोन्ही एकाच सकाळी बदलतात. पुढच्या पाडव्याला गुढी उभारताना नातवंडाने “आपण कुठले?” असे विचारले, तर त्याला हे सांगा. १७२८ ची लढाई त्यानंतर सांगितली तरी चालेल.