अर्थसंकल्पात वार्धक्याचाही हिशेब हवा

चतुर्थीचे चार दिवस मूळ घर गजबजते आणि गणपतीचे विसर्जन होताच सोप्यावर पुन्हा दोन वृद्ध जीव तेवढे उरतात. मुले मुंबईस, आखातात वा विलायतेत. गोमंतकाच्या वाड्यावाड्यांवर दिसणारे हे दृश्य अर्थखात्याच्या नजरेस अद्याप पडलेले नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

2011च्या जनगणनेत साठी गाठलेल्यांचे प्रमाण देशात सुमारे 8.6 टक्के, तर गोव्यात 11.2 टक्के होते. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार येथील जननदर स्त्रीमागे 1.3 वर आला आहे. लोकसंख्या स्थिर राहण्यास तो 2.1 लागतो. म्हणजे कर भरणारे हात घटणार आणि आधार शोधणारे वाढणार.

दयानंद सामाजिक सुरक्षा योजना हे गोव्याचे भूषणच होय. केंद्र सरकार ऐंशीच्या आतील निराधार वृद्धास दरमहा 200 रुपयांचा वाटा देत असताना गोव्याने दोन हजार रुपये दिले. परंतु तो आकडा वर्षानुवर्षे तेथेच राहिला आणि औषधांचे भाव मात्र थांबले नाहीत. उलटपक्षी, तिजोरीलाही भरवसा नाही. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हा उत्पन्नाचा एक मोठा झरा एकाएकी आटला. निवृत्तिवेतनाची देणी मात्र आटत नसतात.

पावसाचा अंदाज चुकू शकतो. वयाचा सहसा चुकत नाही. आज जे पन्नाशीत आहेत, तेच दहा वर्षांनी साठीत असणार. त्यांची मोजदाद आजच करता येते. म्हणून प्रत्येक अर्थसंकल्पासोबत पुढील दहा वर्षांचा तक्ता विधानसभेपुढे ठेवावा: निवृत्तिवेतनधारक किती, योजनेचे लाभार्थी किती, रुग्णसेवेचा भार किती. साहाय्याची रक्कम निवडणुकीशी नव्हे, महागाईशी बांधावी. नव्या इमारतींचे कोनशिला समारंभ थोडे कमी झाले तरी चालतील. परंतु आरोग्य केंद्रातील परिचारिका अंथरुणास खिळलेल्या वृद्धाच्या दारी पोहोचलीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्यांच्या कष्टांवर हे राज्य उभे राहिले, त्यांना वार्धक्यात सरकारच्या मर्जीवर जगावे लागू नये. त्यांचा वाटा ही भीक नव्हे. ते राज्याचे देणे आहे, आणि देण्याची तरतूद आधीच करावयाची असते.