वरचा मजला भाड्याने देणे आहे!

जालन्याची मंडळी पुण्या-मुंबईत नोकरीला लागली, की दोनेक वर्षांत एक प्रश्न हमखास येतो: “एवढा पगार आहे, मग गावाकडे एखादा फ्लॅट का घेऊन टाकत नाहीस? भाडं येईल, त्यात हप्ता फिटेल!” ऐकायला एकदम झकास. पण बॉस, आधी कॅल्क्युलेटर काढा.

समजा, फ्लॅट 30 लाखांचा. सहा लाख तुमचे, 24 लाख बँकेचे, साडेआठ टक्के दराने 20 वर्षांसाठी. हप्ता बसतो सुमारे 20,800 रुपये. भाडं समजा आठ हजार. म्हणजे दर महिन्याला पावणेतेरा हजार तुमच्याच खिशातून! वर मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि भाडेकरू बदलताना रिकामे जाणारे एक-दोन महिने. वर्षाचं भाडं 96 हजार, म्हणजे 30 लाखांवर जेमतेम 3.2 टक्के. यापेक्षा तर आपली एफडी बरी. “पण किंमत वाढेल ना!” वाढेलही. मात्र ती किमतीवर लावलेली पैज झाली. तिला भाड्याचं उत्पन्न म्हणू नका.

जालन्यात ही पैज लावायचा मोह होतो, हे खरंय. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला. 2023 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. त्याच डिसेंबरात जालन्याहून मुंबईची वंदे भारत सुटली (2025 मध्ये ती नांदेडपर्यंत गेली). प्लॉटवाल्यांच्या बोलण्यात हे सगळं येतं. एक गोष्ट मात्र येत नाही, ती म्हणजे अप-डाऊन! छत्रपती संभाजीनगर फक्त साठेक किलोमीटरवर. बदली होऊन आलेले कितीतरी साहेब बिऱ्हाड तिकडेच ठेवतात आणि रोज ये-जा करतात. रस्ता चांगला झाला, की जमिनीचा भाव चढतो आणि भाडेकरू मात्र लांब राहायला मोकळा होतो.

मग जालन्यात भाड्याने राहतं कोण? स्टीलच्या रोलिंग मिलमधले इंजिनिअर आणि सुपरवायझर, बियाणे कंपन्यांतली पोरं, बँकवाले, शिक्षक, 2018 मध्ये सुरू झालेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या कॅम्पसशी संबंधित माणसं. यांना क्लब हाऊस नको असतं. त्यांचा पहिला प्रश्न एकच: “पाणी किती दिवसांनी येतं?” 2012-13 च्या दुष्काळात या शहराने टँकरच्या रांगा पाहिल्यात. त्यामुळे मोठी टाकी आणि चालू बोअर असलेली साधी खोली इथे मार्बलच्या फ्लॅटच्या आधी उठते.

म्हणूनच, तुमचं स्वतःचं घर जालन्यात असेल तर माझं मत स्पष्ट आहे: नवीन फ्लॅट सोडा, गच्चीकडे बघा. समजा, आठ लाखांत वर एक स्वतंत्र वन बीएचके उभा राहिला, जिना बाहेरून. भाडं सहा हजार. वर्षाचे 72 हजार, म्हणजे नऊ टक्के! (जमीन बाबांनी कधीच घेऊन ठेवलीय, म्हणून हे गणित इतकं गोड आहे, हे विसरू नका.) सहा लाख कर्ज काढलं तर वरच्याच दराने हप्ता सुमारे 5,200, तो भाड्यातून निघतो. महापालिकेची परवानगी घ्या, खालचे कॉलम वरचा मजला पेलतील का ते इंजिनिअरकडून तपासा. सळईसाठी लांब जायला नकोच, ती तर जालन्याचीच!

खरी अडचण सिमेंटची नाही, नावाची आहे. घर बाबांचं आणि पैसे तुमचे. भाडं कायद्याने बाबांचं उत्पन्न. त्यांना करात मालमत्ता कर वगळून उरलेल्या भाड्यावर सरसकट 30 टक्के वजावट मिळते, तेवढं बरं. पण उद्या वाटणीची वेळ आली तर? ताईचाही हक्क आहेच. “वरचा मजला मी बांधलाय” हे वाक्य तेव्हा फार कडू लागतं. त्यामुळे स्लॅब पडायच्या आधी सगळ्यांना एकत्र बसवा. पैसे उसने दिले, भेट दिले की हिस्सा म्हणून दिले, ते ठरवा आणि वकिलाकडून कागदावर आणा. आई म्हणेल, “घरातल्या घरात कसले कागद?” तरीही आणा.

आणि भाडेकरू ओळखीचा असला तरी करार नोंदवाच. “अकरा महिन्यांचाच तर आहे, नोंदणी कशाला?” हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नसेल तर दंड पाच हजारांपर्यंत किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे, भांडण झाल्यास अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलटं सिद्ध करणं तुमच्या डोक्यावर! उलट नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार असेल आणि मुदत संपूनही माणूस हलत नसेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज करता येतो आणि दुप्पट भाडं मागता येतं. खर्च किती? मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे सहा हजारांच्या भाड्याला अकरा महिन्यांचे 165 रुपये (डिपॉझिटमुळे थोडे वाढतात), आणि शहरात नोंदणी फी एक हजार. आधार आणि अंगठ्यावर हे काम ऑनलाइन होतं. बाबांचा अंगठा जालन्यात, भाडेकरूचा त्याच्या सध्याच्या गावी, आणि साक्षीदार म्हणून तुमचा पुण्यात.