बिनभांडवली धंद्याचे भांडवल

पुण्यात धंदा करणे कमीपणाचे मानण्याचा काळ मागे पडला, याचा मला आनंदच आहे. ज्या शहरातल्या पांढरपेशा घरांनी पिढ्यान्‌पिढ्या कारकुनीची आराधना केली, तिथली अठरा-वीस वर्षांची मुले आज नोकरीच्या आधी दुकानाची भाषा बोलतात. दुकानही असे की ज्याला गाळा नको, पागडी नको, गल्ल्यावर बसायला माणूस नको. संगणकावर एखादे चित्र काढायचे किंवा चार शब्द जुळवायचे, ते टी-शर्टवर, चहाच्या पेल्यावर, कापडी पिशवीवर कसे दिसेल ते इंटरनेटवर मांडायचे आणि गिऱ्हाइकाची वाट पाहायची. मागणी आली, पैसे आले, की मग छपाई! ‘प्रिंट ऑन डिमांड’ असे या व्यवहाराचे नाव आणि ‘यात भांडवल लागत नाही’ हे त्याचे ब्रीद. या ब्रीदाशी माझे भांडण आहे.

आधी गुण सांगतो, कारण ते खरे आहेत. मुलगा बसतो सदाशिव पेठेत, टी-शर्ट शिवलेला असतो तमिळनाडूतल्या तिरुप्पूरला, आणि छापणारा असतो तिसऱ्याच गावी. चित्र एका पातळ फिल्मवर शाईने उमटवतात, तीवर गोंदाची पूड भुरभुरतात, ती तापवतात आणि गरम दाबयंत्राखाली चित्र कापडावर चिकटवतात. पेल्याची तऱ्हा निराळी : कागदावरची शाई उष्णतेने वाफ होऊन पेल्यावरच्या लेपात शिरते. पूर्वी एका नगासाठी कोणी साचा मांडत नसे. आता एकच नग छापायलाही कोणी ना म्हणत नाही. न खपलेल्या प्रती ज्याच्या पलंगाखाली वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून आहेत, त्या माझ्यासारख्या कादंबरीकाराला या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

पण ‘भांडवल लागत नाही’ हे विधान बेरीज-वजाबाकीपुढेही टिकत नाही. समजा, टी-शर्ट पाचशे रुपयांना विकला. कापड आणि छपाईचे दोनशे ऐंशी, कुरिअरचे सत्तर, गिऱ्हाइकापर्यंत पोचायला जाहिरातीचे शंभर. उरले पन्नास. आता गिऱ्हाइकाने ‘घरपोच आल्यावर पैसे’ असे ठरवून दारातूनच पार्सल परत धाडले, तर वरचे साडेचारशे आणि परतीच्या प्रवासाचे सत्तर, असे पाचशेवीस रुपये बुडाले. दहा विक्रींची कमाई एका पार्सलाने धुऊन नेली! शिवाय ‘लाडक्या आत्यास’ असे छापलेला सदरा दुसऱ्या कोणाच्या आत्याला खपवणार? घरबसल्या लक्षाधीश करण्याचे वर्ग चालवणारे सद्‌गृहस्थ हे गणित फळ्यावर मांडत नाहीत. त्यांचा स्वतःचा नफा मात्र वर्गाच्या फीमध्ये आगाऊ वसूल झालेला असतो.

तरीही पैशाचा तोटा मला फारसा छळत नाही. तरुण वयात थोडे पैसे बुडाले तर माणूस शहाणा होतो. मला छळते ते दुसरेच. या धंद्यात कापड दुसऱ्याचे, यंत्र दुसऱ्याचे, गाडी दुसऱ्याची. विकणाऱ्याने पदरचे घालायचे ते एकच : चित्र किंवा शब्द. तेच या धंद्याचे भांडवल. आणि नेमके तेच पुष्कळ जण दुसऱ्याच्या घरातून उचलून आणतात.

याच पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह चित्रशाळा काढली. तो शिळाछापाचा जमाना. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने चित्र उलटे काढायचे, जितके रंग तितक्या शिळा घडवायच्या, आणि छापलेला शेवटचा कागद खपेपर्यंत जिवाला घोर. तिथून निघालेली रामपंचायतनासारखी चित्रे मराठी घरांच्या भिंतींवर लागली. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना घातला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यापायी कर्ज झाले आणि अखेर तो श्लायशर नावाच्या जर्मन गृहस्थाला विकावा लागला. या माणसांना शिळा, यंत्रे, कागद, जागा, सारे विकत घ्यावे लागले. चित्र मात्र घरचे होते. आजच्या मुलाला बाकीचे सारे आयते मिळाले आहे, आणि चित्रच तेवढे चोरीचे! प्रगती म्हणायची ती हीच का?

शब्द कोणाचे, याला कायदाही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे राखला होता. १९९२ साली ती मुदत साठ वर्षांची झाली. ज्ञानेश्वर, तुकाराम, केशवसुत, बालकवी यांच्या ओळी आज खुशाल छापाव्यात. पण गदिमा १९७७ साली गेले. त्यांच्या गीतांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचा आहे. पु. ल. २००० साली गेले; तिथे २०६० अखेरपर्यंत थांबायला हवे, नाहीतर परवानगी मागायला हवी. परवानगीचे एक पत्र लिहायला भांडवल लागत नाही. थोडी लाज लागते.

मी लहान लेखक. पण गेल्या शिक्षकदिनी वर्गाने मला मोठ्या प्रेमाने जो पेला दिला, त्यावर माझ्याच कादंबरीतल्या आजीचे वाक्य होते. खाली नाव नाही, आणि वर शुद्धलेखनाच्या दोन चुका! विकणाऱ्या तरुणाला फोन केला, तर तो नम्रपणे म्हणाला, “सर, ते इंटरनेटवर मिळालं, म्हणजे सगळ्यांचंच की. उलट तुमची प्रसिद्धीच होते.” नाव खरवडून काढल्यावर प्रसिद्धी कोणाची होते? नळाला पाणी येते म्हणून धरण कोणी बांधलेच नाही, असे का मानायचे?

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपुरते, पण मुलांचे हात ओळखतो. कसबा पेठेतल्या तांबट आळीत हातोडीखाली चमकणारे तांब्याचे भांडे, खडकवासल्याचे पाणी सुटल्यावर बुडालेला भिडे पूल, पर्वतीच्या पायऱ्यांवर धापा टाकणारे आजोबा, हे सारे काढू शकणारी मुले माझ्या वर्गात बसलेली आहेत. तीच मुले उद्या दुकान मांडतात तेव्हा पुणेरी पाटीचा शिळा विनोद शंभराव्यांदा छापतात, कारण कोणीतरी त्यांच्या कानात भरवले आहे की जे खपते तेच छापावे. स्वतःचे चित्र कदाचित सावकाश खपेल. पण गोदामच नसलेल्या दुकानाला घाई कसली? माल सडण्याची भीती नाही, हाच तर या धंद्याचा खरा गुण. तो ओळखून आपले, नवे, अनोळखी असे काही मांडण्याची हिंमत याच दुकानात परवडते.

आणि वाचकहो, विकत घेणारे आपणच आहोत. या भाऊबीजेला ओवाळणीसाठी असा पेला किंवा सदरा मागवाल, तेव्हा आधी दुकानदाराला विचारा : हे शब्द कोणाचे? हे चित्र कोणी काढले? ‘मीच काढले’ असे उत्तर आले, तर पन्नास रुपये जास्त पडले तरी देऊन टाका. उत्तर आले नाही, तर दुसरे दुकान पाहा.