पिशवीवरचे ९१० ग्रॅम
वस्तुमान भागिले आकारमान म्हणजे घनता, हे सूत्र आमच्या विद्यार्थ्यांना मुखोद्गत असते. तरीही कल्याणच्या बाजारातून आणलेल्या एक लिटर तेलाच्या पिशवीवर ९१० ग्रॅम का छापलेले असते, असे विचारताच वर्ग स्तब्ध होतो. तेलाची घनता पाण्याहून कमी. त्यात ते तापले की प्रसरण पावते आणि लिटरमागचे वजन आणखी घटते. म्हणूनच २०२२ साली केंद्र सरकारने उत्पादकांना तापमानाचा उल्लेख वगळून आकारमानासोबत वजनही छापण्यास सांगितले. लिटरलाच किलो समजणाऱ्या मातेचा महिन्याचा हिशेब इथेच चुकतो, आणि तो चुकणे तिला परवडणारे नसते. प्रयोगशाळेत धातूचा ठोकळा अवश्य बुडवावा. परंतु वसतिगृहाच्या कोठीतला तराजू आणि तेलाचे माप आधी वर्गात यावे, असे आमचे आग्रही मत आहे.